जाळीआडचा मठ : सांता मोनिका, जुने गोवे

वेरूळच्या लेण्यांतले विहार आठवा. मधला मोकळा मंडप आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या, ही रचना आपल्याला चांगलीच ओळखीची. जुन्या गोव्यातल्या मोंते सांतो टेकडीवरचा सांता मोनिका मठही असाच आतल्या बाजूला उघडणारा आहे. मधोमध चौक, चहूबाजूंनी कमानींचे सोपे आणि वर मजल्यांवर नन्सच्या खोल्या.

आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी 1606 मध्ये पाया घातला, काम 1627 मध्ये पुरे झाले. 1636 च्या आगीत इमारत जळाली, पुढच्याच वर्षी ती पुन्हा बांधायला घेतली. तीन मजली भिंती जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. बाहेरून त्यांना पेलणारे भलेमोठे तिरके आधार पाहिले की हा मठ आहे की किल्ला, असा प्रश्न पडतो. चर्च मठालाच जोडलेले. नन्स प्रार्थनेला बसत त्या जाळीआड, बाहेरच्यांच्या नजरेला न पडता. हा मठ ऑगस्टिनी पंथाचा. संत मोनिका ही संत ऑगस्टीनची आई.

1834 मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथ बंद केले. पुरुषांचे मठ लगेच रिकामे झाले. इथे मात्र असलेल्या नन्सना राहू दिले, नवी भरती थांबली. मठ हळूहळू ओस पडला.

1964 पासून इथे नन्सच्या धार्मिक शिक्षणाची मातेर देई संस्था आहे. राशोल सेमिनरीत 1994 ला सुरू झालेले ख्रिस्ती कला संग्रहालयही 2002 मध्ये इथेच आले. जुने गोवे पाहायला जाणार असाल, तर बॉम जेझू बॅसिलिकेवरून परत न फिरता ही टेकडी जरूर चढा.