शरणपूरचा विद्यार्थी

नाशिक शहरात शरणपूर नावाचा एक भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे ख्रिस्ती मिशनऱ्यांची वसाहत होती. आफ्रिकेतून पकडलेल्या माणसांना गुलाम म्हणून विकण्यासाठी नेणारी गलबते इंग्रजी आरमार समुद्रात अडवीत असे. सुटका झालेल्या मुलांपैकी कित्येकांना शरणपुरास आणले जाई. मायभूमी दुरावलेली ही मुले तेथे लिहावयास, वाचावयास व हातांनी काम करावयास शिकत. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. त्याचे हे नावसुद्धा मागाहून मिळालेले!

त्या काळी डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी मध्य आफ्रिकेत नाईल नदीचा उगम शोधीत हिंडत होता. १८७२ साली त्याच्या मदतीस जी तुकडी निघाली, तिच्यात जेकब व नाशिकचे आणखी काही तरुण होते. पुढच्याच वर्षी, मे महिन्याच्या आरंभी, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. हे स्थान आजच्या झांबिया देशात आहे.

आता काय करावे? त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका वृक्षाखाली पुरले. जेकबने पुस्तकातून प्रार्थना वाचली आणि वृक्षाच्या खोडावर लेख कोरला. देह उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी खांद्यावर घेतला आणि सुमारे नऊ महिने चालून समुद्रकिनारा गाठला. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. जेकब देहाबरोबर जहाजाने इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तोही होता.

लिव्हिंग्स्टनवर पुढे पुष्कळ ग्रंथ झाले. त्यांत हे सोबती बहुधा ‘इमानी नोकर’ एवढ्याच ओळखीने येतात. परंतु जेकबने स्वतः इंग्रजीत रोजनिशी लिहिली होती! १८७४ साली तिचे जर्मन भाषांतर छापले गेले. मूळ हस्तलिखित मात्र दीर्घकाळ अप्रसिद्धच राहिले. ते स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे, लिव्हिंग्स्टनच्या जन्मस्थानी असलेल्या संग्रहालयाच्या मालकीचे आहे. अखेर २०१९ साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली अभ्यासकांनी त्याची पाने छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी त्या मुक्कामी असलेल्या आफ्रिकी माणसाच्या स्वतःच्या हातचा तो वृत्तांत आता कोणालाही वाचता येतो.

जेकब १८९२ साली पूर्व आफ्रिकेत वारला. त्याची ती अक्षरे गोदावरीकाठच्या शाळेत गिरवलेली होती.