बुलडॉग : चेहरा आणि स्वभाव

मंडळी, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. जातीचा स्वभाव जात नाही, असे तिचे सांगणे. आज ज्या कुत्र्याची आपण ओळख करून घेणार आहोत, त्याने मात्र ही म्हण खोटी पाडली आहे. त्याचे नाव बुलडॉग.

बसके नाक, लोंबते गाल, कपाळावर आठ्या, खालचा जबडा पुढे आलेला आणि पाय फेंगडे, असे हे ध्यान! पाहणाऱ्याला वाटावे, आता हा अंगावर येतो. पण घरातली माणसे विचाराल, तर ती सांगतील, याच्यासारखा गरीब प्राणी नाही. मुलांत रमतो, माणसांच्या पायाशी पडून राहतो. मग हा राकट चेहरा आला कुठून?

त्यासाठी इंग्लंडात जायला हवे. तिथे पूर्वी एक क्रूर खेळ चाले. बैलाला खुंट्याला बांधायचे आणि त्याच्यावर कुत्री सोडायची. कुत्र्याने बैलाचे नाक धरायचे, ते सोडायचे नाही. भोवतीचे लोक पैजा लावीत. इंग्रजीत बैलाला बुल म्हणतात, म्हणून हा बुलडॉग. १८३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्याने हा खेळ बंद केला.

कुत्र्याचे काम गेले. पण काही हौशी लोकांना ही जात टिकवायची होती. त्यांनी काय केलं? दर पिढीतली शांत, माणसाळलेली कुत्री निवडली आणि त्यांचीच वीण वाढवली. शेतकरी बंधूंनो, तुम्ही बियाण्यासाठी चांगली कणसे बाजूला काढता ना, तसेच हे. हळूहळू आडदांडपणा उतरला, उरला थोडा हट्ट. मनात नसले की बुलडॉग रस्त्यातच बसकण मारतो!

पण निवड स्वभावापाशी थांबली नाही. जुन्या चित्रांतला बुलडॉग पायांनी उंच आणि तोंडाने लांब दिसतो. पुढे प्रदर्शनांतून चपट्या तोंडाचे, बुटक्या बांध्याचे कौतुक होऊ लागले. तोंडाची हाडे आखूड झाली, पण आतली जीभ आणि मऊ टाळू त्या मानाने आखूड झाली नाहीत. लहान पेटीत मोठे पागोटे कोंबावे, तशी गत. म्हणून तो झोपेत घोरतो, चालताना घरघरतो. लोक हसतात. पण ती गंमत नव्हे, बरं का! हवेची वाट अरुंद झाल्याची ती खूण आहे.

शाळेत गुरुजींना हे सहज दाखवता येईल. मुलांना नाक धरून सरबताच्या बारीक नळीतून दोन-तीनच श्वास घ्यायला सांगावे. बुलडॉगचा दम का लागतो, हे न सांगता कळेल.

उन्हाळ्यात हीच गोष्ट जिवावर बेतते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकतो, नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि अंग निवते. आपल्या गावठी कुत्र्याचे लांब नाक इथे कामी येते. बुलडॉगला ते साधत नाही. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे त्याला दुपारी बाहेर काढूच नये. फिरवायचे ते उजाडताना. गळपट्ट्याऐवजी छातीवरून पट्टा बांधावा. चढू देऊ नये. चरबीने श्वास आणखी कोंडतो. चेहऱ्याच्या वळ्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. विहिरीतळ्याजवळ मोकळे सोडू नये, जड डोक्यामुळे त्याला पोहता येत नाही. धाप थांबेना, तोंडातून लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला, तर लगेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि मग जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. आधी गारवा, मग गाडी.

पिल्लांची डोकी मोठी, आईचा कटिभाग अरुंद. म्हणून पुष्कळदा मादीचे पोट चिरूनच पिल्ले काढावी लागतात. ही सारी हालअपेष्टा पाहून ब्रिटनच्या केनेल क्लबने २००९ साली या जातीच्या आदर्श रूपाचे नियम बदलले. वळ्या कमी आणि पाय थोडे उंच असावेत, असे ठरले. बदल सुरू झाला आहे, पण तो पिढ्यांचा आहे.

तेव्हा बुलडॉग पाळावा की नाही? ज्यांच्या घरी गारवा आहे, वेळ आहे आणि डॉक्टरांचा खर्च झेपतो, त्यांनीच विचार करावा. पिल्लू घेताना त्याचे रूप पाहू नये. आधी आईबापांना पाहावे, थोडे चालवावे आणि कान देऊन ऐकावे. चालूनही ज्यांचा श्वास ऐकू येत नाही, त्यांचे पिल्लू पत्करावे.

माणसाने या कुत्र्याच्या स्वभावाचे शेपूट सरळ केले, पण त्याच हाताने त्याचे नाक बसवले. ते पुन्हा थोडे वर काढणे आता माणसाच्याच हाती आहे.