कार्यालयीन आज्ञावली-संच : प्राथमिक शिक्षण

पत्रव्यवहार, हिशेब, याद्या, अहवाल, सभेपुढील निवेदन इ. कार्यालयीन कामे संगणकावर पार पाडण्यासाठी एकत्रितपणे पुरविल्या जाणाऱ्या परस्परपूरक आज्ञावल्यांच्या समूहास कार्यालयीन आज्ञावली-संच म्हणतात. व्यवहारात त्याला नुसते ‘ऑफिस’ म्हणण्याचा प्रघात आहे. अशा संचात सामान्यतः लेखनाची (वर्ड, रायटर), तक्त्यांच्या रूपातील गणिताची (एक्सेल, कॅल्क) आणि सादरीकरणाची (पॉवरपॉइंट, इम्प्रेस) अशा तीन आज्ञावल्या प्रमुख असतात. त्यांचे प्राथमिक शिक्षण म्हणजे पडद्यावरील बटनांची ओळख, अशी समजूत रूढ आहे. परंतु बटनांच्या जागा आवृत्तीगणिक बदलतात. मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या आवृत्तीत जुन्या मेन्यूंच्या जागी पट्टीवजा रचना आली, तेव्हा केवळ पाठांतरावर शिकलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. ज्यांना परिच्छेद, घर, सूत्र, संदर्भ यांसारख्या मूळ कल्पना समजल्या होत्या, त्यांची अडचण काही दिवसांचीच ठरली. हा भेद या शिक्षणाच्या मुळाशी आहे.

विकास : या संचातील घटक स्वतंत्रपणे जन्मले. लेखनासाठी वर्डस्टार ही आज्ञावली १९७८ मध्ये आली. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी व्हिजिकॅल्क ही तक्तागणिताची पहिली लोकप्रिय आज्ञावली सिद्ध केली. हार्व्हर्ड येथे व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यास करीत असताना ब्रिकलिन यांना तिची कल्पना सुचली होती. फळ्यावरील तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात. हे काम यंत्राने आपोआप करावे, एवढीच ती कल्पना होती. लोटस १-२-३ (१९८३), एक्सेल (१९८५) व पॉवरपॉइंट (१९८७) ही त्यापुढील पावले होत. मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट एकत्र करून १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी व १९९० मध्ये विंडोजसाठी ऑफिस हा संच विक्रीस आणला. मूळ जर्मन असलेल्या स्टारऑफिसमधून ओपनऑफिस आणि त्यातून २०१० मध्ये लिबरऑफिस हा मुक्त संच निर्माण झाला. तो विनामूल्य मिळत असल्याने शाळा, ग्रंथालये व लहान संस्था यांना विशेष सोयीचा आहे.

महाराष्ट्रातील प्रसार : महाराष्ट्रात या शिक्षणाची पूर्वपीठिका टंकलेखन संस्थांनी घातली. लिपिकाच्या नोकरीस मराठीचा दर मिनिटास ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्द हा वेग आवश्यक असल्यामुळे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी अशा संस्था चालत. पुढे यांत्रिक टंकलेखनाच्या शासकीय परीक्षांची जागा संगणकावरील परीक्षांनी घेतली [⟶ टंकलेखन]. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि २००२ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता म्हणून तो स्वीकारला गेल्याने खेडोपाडी त्याची केंद्रे निघाली. वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट ही नावे मराठी कुटुंबांत घरोघर पोहोचली, त्याचे मोठे श्रेय या अभ्यासक्रमाकडे जाते. प्रमाणपत्र हेच साध्य मानण्याची वृत्तीही त्याबरोबर वाढली, हे मात्र मान्य केले पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन व सहकारी संस्था यांच्या संयुक्त सहभागाने ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सु. ७० गावे त्यात होती. गावांतील केंद्रांवर संगणक बसवून ऊसनोंद, वजन, खतखरेदी व बिल यांची माहिती सभासदास गावातच मिळावी, अशी योजना होती. शेती, बाजारभाव, शिक्षण इ. विविध उपयोग अपेक्षित असले, तरी प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यत्वे उसाच्या नोंदींपुरताच राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधन विभागाने सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांद्वारे तेच काम करून पाहिले व ते कमी खर्चात साधले. ज्या संगणकावर एकच ठराविक काम होते, त्याची जागा साधे उपकरण घेऊ शकते, एवढे यावरून दिसते. संगणकाचे सर्वसामान्य उपयोग हाताळणारा माणूस तयार होणे, ही यंत्र पोहोचविण्याहून निराळी व अधिक सावकाश चालणारी प्रक्रिया आहे.

लेखन : लेखनाच्या आज्ञावलीत प्रथम शिकावयाची गोष्ट म्हणजे मजकूर व त्याचे दृश्यरूप यांतील फरक. टंकलेखन यंत्रावर शीर्षक मध्यभागी आणण्यासाठी मोकळ्या जागेची कळ मोजून दाबावी लागे. ती सवय संगणकावर नेल्यास कागदाचा आकार किंवा अक्षराचे माप बदलताच सर्व मांडणी विस्कटते. पुढील पानावर जाण्यासाठी एंटर कळ वारंवार दाबणे, हा त्याच जातीचा दोष होय. योग्य पद्धती अशी, की परिच्छेदाला शीर्षक, उपशीर्षक, मुख्य मजकूर असे प्रकारनाम, म्हणजेच ‘स्टाइल’, द्यावयाचे आणि दृश्यरूप त्या प्रकाराला ठरवून द्यावयाचे. मग शंभर पानांच्या अहवालातील सर्व उपशीर्षके एका बदलाने बदलतात व अनुक्रमणिकाही आपोआप सिद्ध होते. तक्ते, पृष्ठांक व दुरुस्त्यांचा माग या गोष्टी त्यानंतर सहज समजतात. मेल मर्ज या सोयीने एकाच मसुद्यात यादीतील नावे व पत्ते भरून वार्षिक सभेच्या शेकडो सूचना काढता येतात; सहकारी संस्थांना हिचा उपयोग फार होतो.

तक्तागणित : संपूर्ण संचात हा भाग सर्वांत उपयुक्त व सर्वांत फसवा आहे. तक्त्यातील आडव्या ओळींना क्रमांक व उभ्या स्तंभांना रोमन अक्षरे दिलेली असतात आणि त्यांच्या छेदाने होणाऱ्या चौकोनास घर किंवा सेल म्हणतात. घरात आकडा, मजकूर वा सूत्र असते. सूत्र लिहिलेल्या घरात दिसते ते त्याचे फळ. सूत्र मागे राहते.

कोल्हापूरकडील ओळखीचे उदाहरण म्हणजे ऊस बिल. समजा, सी या स्तंभात सभासदांच्या उसाचे वजन टनांत भरले आहे आणि दर टनास ३,००० रु. हा दर एच-१ या घरात एकदाच लिहिला आहे. पहिल्या सभासदाचे वजन १८·४५० टन असेल, तर सी-२ गुणिले एच-१ या सूत्राने ५५,३५० रु. येतात. हे सूत्र खाली ओढल्यास सी-२ चे सी-३, सी-४ होते, ते हवेच असते. परंतु एच-१ चेही एच-२, एच-३ होते. ती घरे रिकामी असल्याने दुसऱ्या सभासदापासून सर्वांचे बिल शून्य येते. एच-१ मधील अक्षर व अंक या दोहोंमागे डॉलर चिन्ह घातल्यास तो संदर्भ स्थिर राहतो. सरकता संदर्भ व स्थिर संदर्भ यांतील हा फरक ज्याला उमगला, त्याला निम्मे तक्तागणित आले असे समजावयास हरकत नाही. दर एकाच घरात ठेवल्याचा लाभ असा, की तो वाढला तर एक घर बदलते आणि हजारो बिले सुधारतात.

शून्य आलेली चूक डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या चुका अधिक घातक होत. क्रम लावताना केवळ नावांचा स्तंभ निवडला गेला, तर नावे हलतात आणि रकमा जागीच राहतात. एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावे जातात. बेरीज मात्र पूर्ववत जुळते, त्यामुळे बेरीज पाहून तपासणी करणाऱ्याच्या ध्यानात काहीच येत नाही. दर्शनी अंक व खरा अंक यांतील भेदही असाच आहे. १,०००·४० रु. च्या तीन रकमा पैसे न दाखविता मांडल्यास प्रत्येक ठिकाणी १,००० दिसतात, पण बेरीज ३,००१ दिसते. पूर्णांकात पैसे द्यावयाचे असल्यास रक्कम सूत्रानेच पूर्णांकित केली पाहिजे. नुसती दशांशस्थळे लपवून भागत नाही.

क्रमांक म्हणजे संख्या नव्हे, हेही आरंभीच शिकणे आवश्यक आहे. धनादेश क्रमांक ००४५१२ हा संख्या म्हणून भरल्यास ४५१२ उरतो. एक्सेल १५ अंकांपलीकडे अचूकता राखत नाही, त्यामुळे १६ अंकी बँक खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. अशा स्तंभांस प्रथमच मजकुराचे स्वरूप द्यावे लागते. महसुली कामात तर याहून विचित्र प्रकार घडतो : इंग्रजी अंकांत ७/१२ असे टंकित केले, की आज्ञावली त्यास तारीख समजते आणि सातबाराचा ७ डिसेंबर होतो, यंत्रावर अमेरिकी पद्धती निवडलेली असल्यास १२ जुलै होतो. गट क्रमांक व त्याचे हिस्से लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तारखेच्या अंतरंगात मुळात दिवसांची संख्या असते. एक्सेल १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढे मोजते, म्हणून एका तारखेतून दुसरी वजा करता येते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे न दिल्यास कारखान्यावर द. सा. द. शे. १५ प्रमाणे व्याजाची जबाबदारी येते. हा विलंब तक्त्यात एका वजाबाकीने निघतो. मात्र तारीख मजकूर म्हणून पडलेली असेल तर वजाबाकी अडते, आणि दिवस व महिना यांची अदलाबदल झालेली असेल तर ती न अडता चुकीचे उत्तर देते.

फाइलीचा प्रकार ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब आहे. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या फाइलींत एका पानावर ६५,५३६ ओळी मावत, २००७ पासून १०,४८,५७६ मावतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२० मध्ये कोविड चाचण्यांच्या नोंदींसाठी जुना प्रकार वापरल्यामुळे मर्यादेपलीकडील नोंदी गळाल्या व १५,८४१ रुग्ण दैनिक आकडेवारीतून सुटले. त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोधही लांबला.

सादरीकरण : ही आज्ञावली शिकण्यास सर्वांत सोपी आहे. वक्त्याने बोलावयाचा संपूर्ण मजकूर पडद्यावर लिहू नये आणि हलत्या अक्षरांचा सोस टाळावा, एवढे पथ्य पुरेसे आहे.

मराठी लेखन : इंग्रजी पाठ्यक्रमांचे अनुकरण केल्यामुळे आपल्याकडे हा भाग बहुधा शेवटी किंवा मुळीच शिकविला जात नाही. वस्तुतः मराठी कार्यालयात तो पहिला धडा असावयास हवा. भारतीय भाषांसाठी १९८६ मध्ये प्रमाणित व १९८८ मध्ये सुधारित झालेला इन्स्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट आहे. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असून क व ख, ग व घ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्या एकेका कळीवर आहेत. वर्णमाला जाणणाऱ्यास हा क्रम थोड्या दिवसांत अंगवळणी पडतो. जुन्या टंकलेखकांना मात्र तो जड जातो, कारण यंत्रावर ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी व क नंतर उमटवीत; संगणकात उच्चाराप्रमाणे क आधी व वेलांटी नंतर येते. मराठीचा आणखी एक विशेष ऱ्य या जोडाक्षराचा आहे. नेहमीच्या र ने ‘आचार्यास’ होते. ‘आचाऱ्यास’ लिहावयाचे असल्यास शिफ्ट कळीसह मिळणारा निराळा ऱ घ्यावा लागतो. ही कळ माहीत नसलेला लेखक स्वयंपाक्यास गुरुपदी बसवितो.

युनिकोड या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विंडोज २००० पासून देवनागरीची सोय विंडोजमध्येच आली. तत्पूर्वी व नंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर विशिष्ट फाँटांत लिहिला जाई. या फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. कागदावर छापून घेण्यापुरते ते उत्तम चाले. परंतु तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसे. अशा फाइलीत ‘कोल्हापूर’ हा शब्द शोधून सापडत नाही, नावांचा अकारविल्हे क्रम लागत नाही आणि मेल मर्जची यादी निरुपयोगी ठरते. नगरपालिका, पतसंस्था व छापखाने यांच्या संग्रही असा मजकूर मोठ्या प्रमाणावर आहे. परिवर्तक आज्ञावल्यांनी तो युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र प्रत्येक फाँटाचा संकेत वेगळा असल्याने मूळ फाँट कोणता हे ठाऊक असावे लागते, आणि जोडाक्षरे व रफार माणसाने तपासावे लागतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी दप्तर आहे. ते वाचण्यासाठी आज मोडी मुद्दाम शिकलेला माणूस लागतो [⟶ मोडी लिपि]. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. जुन्या फाँटांतील फाइलींचे वय अवघे वीस-तीस वर्षांचे असून, त्या लिहिणारे व त्यांचे फाँट ओळखणारे बहुतेक लिपिक अद्याप हयात आहेत, काही तर अजून नोकरीत आहेत.