कल्पनारम्य चित्रपटमालिका, घरगुती प्रत आणि प्रेक्षकाची प्रतीक्षा : 'झपाटलेला'च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

चित्रपट म्हणजे चित्रपटगृहात जाऊन पाहावयाची गोष्ट, ही समजूत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बदलली. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली. त्यापाठोपाठ व्हिडिओ कॅसेट, पुढे व्हीसीडी व नंतर डीव्हीडी ही साधने घरोघरी पोहोचली. एका भागात न संपणाऱ्या कल्पनारम्य चित्रपटमालिकांच्या रसिकांना हा बदल विशेष जाणवला, कारण त्यांना मागील भाग पुन्हा पाहावयाचा असतो आणि पुढील भागाची वाट पाहावयाची असते. प्रस्तुत लेखात या प्रतीक्षेचे स्वरूप स्पष्ट करून मराठीतील 'झपाटलेला' या मालिकेच्या आधारे तिचा विचार करण्यात आला आहे.

प्रतीक्षेची रचना :

चित्रपटाचे चित्रपटगृहातील प्रदर्शन आणि त्याची घरगुती प्रत बाजारात येणे यांमध्ये निर्माते जाणीवपूर्वक काही काळ जाऊ देतात. चित्रपटगृहाचे उत्पन्न सुरक्षित राहावे, हा त्यामागील मूळ हेतू होय. परंतु मालिकेच्या बाबतीत याच कालावधीचा दुसराही उपयोग होतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत डिसेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची डीव्हीडी ऑगस्ट २००२ मध्ये आणि विस्तारित आवृत्ती नोव्हेंबर २००२ मध्ये आली. लगेच डिसेंबरमध्ये दुसरा भाग पडद्यावर आला. पहिल्या भागाची लांबी विस्तारित आवृत्तीत १७८ मिनिटांवरून २०८ मिनिटे झाली, तर तिसऱ्या भागाची २०१ वरून २५१ मिनिटे झाली. चार तबकड्यांच्या या संचांत चित्रीकरणाची माहिती देणारे अनुबोधपटही होते. अशा रीतीने रसिकाची प्रतीक्षा तारखांनी बांधलेली होती आणि तिच्या अखेरीस मूळ चित्रपटापेक्षा अधिक काही त्याच्या हाती पडत होते.

मराठीतील उदाहरण :

महेश कोठारे यांनी 'धडाकेबाज' (१९९०) या चित्रपटात बाटलीत बंदिस्त झालेल्या गंगारामाच्या रूपाने अद्भुताचा वापर केला होता. १९९३ मध्ये त्यांचा 'झपाटलेला' प्रदर्शित झाला. मृत्युंजय मंत्र मिळविलेल्या तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला शब्दभ्रमकार लक्ष्या बोळके याच्याकडे येतो, असे त्याचे कथानक आहे. लक्ष्मीकांत बेर्डे व दिलीप प्रभावळकर यांच्या भूमिका आणि रामदास पाध्ये यांनी घडविलेला बाहुला यांमुळे हा चित्रपट लोकप्रिय झाला. कल्पनेचे बीज 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटात असले, तरी त्याची वेशभूषा, भाषा व विनोद पूर्णतः मराठी आहेत.

दुसरा भाग थेट जून २०१३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, त्रिमिती स्वरूपात आला. मधल्या काळात, डिसेंबर २००४ मध्ये, लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले होते. नव्या कथेचा नायक हा लक्ष्याचा मुलगा आहे. १९९३ मध्ये जन्मही न झालेल्या प्रेक्षकाला तात्या विंचू ठाऊक आहे, असे हा चित्रपट गृहीत धरतो. हे गृहीतक खरे ठरण्यास चित्रपटगृह पुरेसे नव्हते. दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपण, कॅसेट व तबकड्या यांनीच ती ओळख पुढील पिढीकडे सोपविली. येथे प्रतीक्षेला जाहीर तारीख नव्हती. चित्रपट पुन्हा केव्हा दिसेल, हे प्रेक्षकाच्या हाती नव्हते. म्हणूनच घरी ठेवता येणाऱ्या प्रतीचे महत्त्व वाढले.

औद्योगिक पट्ट्यातील प्रेक्षक :

सांगवी, पिंपरी, चिंचवड, भोसरी ते चाकण या पट्ट्यात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पाळीत काम करणाऱ्या कामगाराच्या सोयीचे वेळापत्रक चित्रपटगृहाला ठेवता येत नाही. दुसऱ्या पाळीत असणाऱ्याचा सायंकाळचा खेळ हुकतो आणि रात्रपाळीवाल्याची दुपार झोपेत जाते. एका रात्रीसाठी व्हीसीआर व दोन-तीन कॅसेट भाड्याने आणून शेजाऱ्यांसह चित्रपट पाहण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक वसाहतींत होती. घरगुती प्रतीने प्रेक्षकाला वेळेचे स्वातंत्र्य दिले. बाहेरगावाहून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना आपल्या भाषेतील करमणूक घरात मिळाली, हाही तिचा लाभ होय.

तंत्र आणि किंमत :

या सोयीची किंमत दर्जाच्या रूपाने द्यावी लागली. व्हीसीडीवर साधारणपणे ७४ ते ८० मिनिटांचे चित्रण मावते. त्यामुळे मोठ्या चित्रपटाला दोन वा तीन तबकड्या लागत आणि ऐन रंगात आलेला प्रसंग तबकडी बदलण्यासाठी थांबे. डीव्हीडीच्या तुलनेत व्हीसीडीच्या चित्रातील बिंदूंची संख्या सुमारे एकचतुर्थांश असते. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेली चौकट जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या मापात बसविताना दोन्ही बाजूंचा भाग अनेकदा कापला जाई. 'झपाटलेला २' सारख्या चित्रपटाची त्रिमिती तर सामान्य घरगुती संचावर दिसत नाही.

किमतीच्या बाबतीत २००७ च्या सुमारास मोठा बदल झाला. मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना उपलब्ध करून दिली. अधिकृत प्रत स्वस्त झाल्यास चोरट्या प्रतीचे आकर्षण कमी होईल, हा त्यामागील विचार होता. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये १९८१ च्या धोकादायक कृत्यांना प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कक्षेत दृक्श्राव्य कलाकृतींची चोरटी नक्कल करणाऱ्यांनाही आणले. तथापि आंतरजालाच्या प्रसारामुळे तबकडीचा बाजारच ओसरला आणि २०१८ मध्ये मोझर बेअर अवसायनात निघाली.

जतनाचा प्रश्न :

आता चित्रपट मागताक्षणी दिसतो. परंतु तो प्रेक्षकाच्या मालकीचा नसतो. हक्काचा करार संपला, की तो मंचावरून नाहीसा होऊ शकतो. दुसरीकडे जुन्या तबकड्या खराब होत आहेत व त्या चालविणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय कार्यरत आहे. तरीही जानेवारी २००३ मधील आगीत तेथील नायट्रेट फिती नष्ट झाल्या. मुद्रित ग्रंथांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठविणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर बंधनकारक आहे. चित्रपट त्याच्या कक्षेत येत नाहीत. परिणामी, लोकप्रिय म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या चित्रपटाच्या प्रती टिकणे बरेचसे योगायोगावर अवलंबून राहते.

या संदर्भात महाविद्यालयांना काही करता येण्यासारखे आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार प्रेक्षकवर्ग शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्तींपुरता मर्यादित असल्यास, शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखविता येतो. ग्रंथालयांनी अधिकृत मराठी तबकड्यांची नोंद करताना लांबी, चित्रचौकट, प्रकाशक व वर्ष हा तपशील टिपल्यास कोणती आवृत्ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचली, हे पुढील अभ्यासकाला समजू शकेल.

समारोप :

पाश्चात्त्य मालिकेचा रसिक अधिक लांबीच्या आवृत्तीची वाट पाहत होता. मराठी रसिक मात्र आपला चित्रपट पुन्हा पाहावयास मिळण्याची वाट पाहत होता. पहिली प्रतीक्षा बाजाराने घडविली, तर दुसरी अभावाने. तात्या विंचू वीस वर्षे स्मरणात राहिला, त्याचे श्रेय त्या झिजलेल्या कॅसेट व ओरखडे पडलेल्या तबकड्या जपणाऱ्या घरांनाही द्यावे लागेल. त्या घरांनी केलेले हे काम आता संस्थांनी नियोजनपूर्वक करणे आवश्यक आहे.