उभी बाटली, आडवी बाटली : दुकानाचा परवाना आणि गावाचा अधिकार



लागणीच्या नोंदी, बेणे, खोडव्याची निगा आणि तोडणीचा प्रोग्रॅम हे आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींचे नेहमीचे विषय. परंतु गटागटांतून फिरताना एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. "साहेब, ग्रामसभेने ठराव केला, तरी दारूचे दुकान जागचे का हलत नाही?" विचारणाऱ्यांत माताभगिनी जास्त असतात. तेव्हा हा विषय एकदा सविस्तर मांडावा असे आम्हांस वाटले.

उत्तर थोडक्यात असे की, नुसते बेणे आणून बांधावर टाकले म्हणजे ऊस उगवत नाही. ठरावाचेही तसेच आहे. त्यापुढची मशागत वेळेवर झाली तरच पीक हाती लागते.

परवाना देतो कोण?

राज्यघटनेने दारूचा विषय राज्य सरकारकडे दिला आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा चालतो. नाव दारूबंदीचे असले तरी परवाने याच कायद्याखाली दिले जातात. विक्रीचे परवाने जिल्हाधिकारी कार्यालय आणि राज्य उत्पादन शुल्क खाते यांच्यामार्फत निघतात. देशी दारूचे दुकान, विदेशी दारूचे दुकान, बिअर शॉपी, परमिट रूम असे त्यांचे वेगवेगळे प्रकार आहेत. यांपैकी एकही परवाना सरपंच देत नाहीत आणि रद्दही करू शकत नाहीत. त्यामुळे "सरपंचांनी मनावर घेतले तर उद्या दुकान बंद" ही समजूत चुकीची आहे.

मग गावाला काही अधिकार नाही काय? आहे, आणि तो दोन ठिकाणी आहे. दुकान गावात येताना आणि दुकान गावातून घालवताना.

दुकान येताना

गावात दुकान सुरू करायचे किंवा दुसरीकडून हलवून आणायचे झाले की ग्रामसभेच्या ना हरकत ठरावाचा प्रश्न येतो. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गालगतच्या दारूविक्रीवर बंधने घातली. पुढे त्या निकालात काही सवलती मिळाल्या. पण मधल्या काळात हमरस्त्यावरची अनेक दुकाने आतल्या गावांकडे जागा शोधू लागली. अशा वेळी ग्रामसभेच्या कागदाला फार किंमत येते.

येथे सभासदांनी सावध राहावे. ग्रामसभेच्या हजेरीवर आपण सही करतो, चहा घेतो आणि घरी जातो. इतिवृत्तात मागाहून काय लिहिले गेले ते कोण पाहतो? ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी. म्हणजे हजारोंच्या गावाच्या वतीने शंभर माणसे बोलतात. म्हणून ठराव वाचून दाखवल्याशिवाय उठू नये. शंका आल्यास ग्रामपंचायतीकडे ठरावाच्या नकलेसाठी लेखी अर्ज द्यावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती मागण्याचा आपणांस हक्क आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर न राहता खरोखर भरते की नाही, हेही पाहावे.

दुकान घालवताना

चालू दुकान बंद करण्यासाठी सरकारने २००८ साली आदेश काढून मतदानाची पद्धत ठरवून दिली आहे. तिच्या पायऱ्या अशा :

१. गावातील एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यावे लागते.

२. सह्यांची पडताळणी होते. मतदारयादीत नाव नसलेली, दुबार किंवा दुसऱ्याने केलेली सही बाद होते. म्हणून २५ टक्क्यांवर न थांबता भरपूर जादा सह्या घ्याव्यात आणि प्रत्येकीपुढे यादीतील अनुक्रमांक लिहावा.

३. त्यानंतर अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे.

४. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की जिल्हाधिकारी दुकान बंद करण्याचा हुकूम काढतात.

नगरपालिका हद्दीतील सभासदांसाठी हीच पद्धत प्रभागास लागू आहे.

चौथी पायरी पुन्हा एकदा वाचावी, कारण पुष्कळ गावे तेथेच अडखळली आहेत. निम्मी मते म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. यादीत जेवढी नावे आहेत त्यांच्या निम्मी. हिशेब करून पाहू. समजा, एका गावात १,२०० महिला मतदार आहेत आणि निवेदन महिलांनी दिले आहे. सह्या लागतील ३००. मतदानाला आल्या ८५०. त्यांपैकी ५८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, २७० जणींनी उभ्या. दुपटीहून अधिक बायका दुकानाच्या विरोधात गेल्या, तरीही दुकान चालूच राहणार! कारण हवी होती ६०१ मते. ज्या ३५० जणी घरी राहिल्या किंवा शेतात गुंतल्या, त्यांची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या पदरात पडली.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत न आलेला मतदार कोणाच्याच बाजूचा नसतो. या मतदानात तो दुकानाच्या बाजूचा धरला जातो, एवढे पक्के ध्यानात ठेवावे.

तारखेचे महत्त्व

आता आमच्या खात्याच्या अनुभवाचे बोलतो. मतदान ऐन गळीत हंगामात आले, तर गावातल्या किती बायका घरी सापडतात? कोणी तोडणीवर, कोणी वाढे बांधायला, कोणी खोडव्यात. ज्या गावांतून टोळ्या बाहेर जातात, तेथे तर दिवाळीपासून पाडव्यापर्यंत निम्मी घरे कुलूपबंद असतात. त्या बायाबापड्यांची नावे यादीत असतात, मत मात्र पेटीत पडत नाही. आणि दारूची झळ सर्वांत जास्त कोणाला लागते? त्यांनाच. मुकादमाकडून घेतलेली उचल नवऱ्याने गुत्त्यावर उडवली, तरी ती फेडायला कोयता बाईलाच चालवावा लागतो.

म्हणून निवेदन देतानाच पुढचा अंदाज बांधावा. पडताळणीला वेळ लागतो. तो धरून मतदान टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी किंवा परतल्यावर व्हावे, अशी विनंती निवेदनातच लिहावी. मयत झालेल्यांची आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची नावे यादीत राहिली असतील, तर ती वेळेवर कमी करून घ्यावीत. नाहीतर तीही गैरहजेरीत मोजली जातात. आणि बागाईतदार सभासदांना आमची विनंती अशी की, मतदानाच्या दिवशी आपल्या रानातील मजूर बायकांना दुपारपर्यंत मोकळे करावे व मजुरी कापू नये.

चोरटी दारू

गावठी हातभट्टी किंवा टपरीवरची चोरटी विक्री यांना परवानाच नसतो, त्यामुळे तेथे मतदानाचा संबंध नाही. तो सरळ गुन्हा आहे. पोलीस किंवा उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. अशा दारूवर लक्ष ठेवण्यासाठी ग्रामसभेमार्फत ग्रामरक्षक दल नेमण्याची सोयही कायद्यात करण्यात आली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारूने माणसे दगावली. फुकटची बाटली केवढ्याला पडते, याचा हा दाखला. दुकान बंद झाल्यावर चोरटी विक्री डोके वर काढते, तेव्हा मतदान जिंकले म्हणून गावाने झोपी जाऊ नये.

यात्रा आणि करमणूक

यात्रेतील तमाशा, ऑर्केस्ट्रा यांबाबतही अशीच वाटणी आहे. कार्यक्रमाची व लाऊडस्पीकरची परवानगी पोलिसांकडून घ्यावी लागते. ग्रामपंचायतीकडे तिची जागा आणि यात्रा-करमणुकीवर कर बसवण्याचा अधिकार असतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. सरकारने जाहीर केलेल्या वर्षातील मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी मान्यता कायम केली असली, तरी शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच. यात्रा कमिटीने अर्ज अगोदर द्यावेत, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

मळीचे काय?

कोणी म्हणेल, "दारू होते ती आपल्याच मळीची. मग आपण कोणत्या तोंडाने बोलावे?" प्रश्न रास्त आहे. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्यापासून मद्यार्क होतो. तो औषधांत जातो, रसायनांत जातो, इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो आणि दारूतही जातो. त्या उत्पन्नाचा वाटा उसाच्या दरात येतो, हे आपण नाकारू नये. परंतु मळी विकणारा म्हणून आपल्या वेशीत दुकान हवे की नको हे सांगण्याचा हक्क काही आपण विकलेला नाही. तो हक्क कायद्याने मतदाराला दिला आहे, मग तो ऊस पिकवणारा असो की तोडणारा.

दुकान ठेवायचे की घालवायचे हे प्रत्येक गावाने आपापले ठरवावे. त्यात आम्ही पडत नाही. मात्र जो निर्णय होईल तो यादीतील नावांनी मतपेटीपर्यंत येऊन केलेला असावा. ज्यांच्या गावात सह्यांचे काम चालू आहे, त्यांनी आज रात्रीच मतदारयादी घेऊन बसावे आणि हंगामात कोण कोण बाहेर जाणार त्या नावांपुढे खूण करावी. मतदानाची तारीख केव्हाची मागायची, हे त्या खुणा मोजल्यावर आपोआप कळेल.