‘डाएट मोडले’ : वजनाच्या भाषेतील काही क्रियापदे

वजन उतरविणाऱ्यांच्या बोलण्याकडे भाषाभ्यासकाच्या कानाने लक्ष दिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ‘डाएट’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला खरा. पण त्याची क्रियापदे मात्र घरचीच पुरविली. ‘डाएट धरले आहे’, ‘डाएट सोडले’, ‘लग्नसराईत डाएट मोडले’ ही वाक्ये साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, सहज कानी पडतात. धरणे, सोडणे, मोडणे हा सारा परिवार ‘उपास’ ह्या नामाचा आहे. नवा शब्द जुन्याच्या शेजारी बसला की जुन्याचे नियमही त्याला लागू होऊ लागतात. दरवर्षी पाचसात किलो उतरवायचे आणि तेवढेच, किंबहुना थोडे अधिक, पुन्हा चढवायचे, ह्या फेऱ्याचा एक धागा त्या नियमांत सापडतो असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उपास हा सोडण्यासाठीच धरलेला असतो. एकादशीचा द्वादशीला सुटतो. सोळा सोमवारांचे उद्यापन होते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण चेष्टेची असली तरी तीत निरीक्षण आहे. दुसरे असे की, उपास अर्धा मोडत नाही. भडंगाची एक मूठ चुकून तोंडात गेली की तो गेलाच. मग पानावर बसायला कसली हरकत? ह्या ‘मग’चा प्रत्यय प्रयोगशाळेतही आला आहे. हर्मन व मॅक ह्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खाण्यावर सदैव बंधन घालणाऱ्या स्त्रियांना आधी दुधाचे गोड पेय दिले असता त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी न खाता उलट अधिक खाल्ले. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांचा उपास मोडला होता.

शरीराला मात्र उद्यापन ठाऊक नाही. प्रिया सुमित्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेले, २०११ साली प्रसिद्ध झालेले संशोधन ह्या संदर्भात महत्त्वाचे आहे. दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहाराने सहभागी व्यक्तींचे वजन सरासरी साडेतेरा किलो उतरले. परंतु भूक वाढविणारी व तृप्ती घटविणारी संप्रेरकांची स्थिती वर्षभरानंतरही पूर्ववत झाली नव्हती. म्हणजे ‘वजन उतरले’ हे पूर्णकालिक वाक्य उच्चारले जाते, तेव्हा शरीराच्या दृष्टीने क्रिया पुरी झालेलीच नसते. पुन्हा चढलेले वजन हा केवळ निश्चयाचा दुबळेपणा मानणे त्यामुळे अन्यायाचे आहे.

उपासाखेरीज आणखी दोन नमुने मराठीत आहेत. एक माळेचा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्या लोणंद-फलटणच्या मार्गाने जाते, त्या मुलखात माळकऱ्याला ‘मटण कधीपासून सुरू करणार?’ असे कोणी विचारीत नाही. तेथे त्याग ही क्रिया राहिलेली नाही. ते त्या माणसाचे नाम झाले आहे. हा आदर्श मोहक आहे. तथापि मांसाहार सर्वस्वी वर्ज्य करता येतो, अन्न करता येत नाही. आणि माळेलाही अर्धेमुर्धेपण मानवत नाही. दुसरा नमुना पथ्याचा. पथ्य ‘पाळतात’, ‘सांभाळतात’. आणि चूक झाली तर ‘काल कुपथ्य झाले’ असे म्हणून आज पुढे चालू ठेवतात. मधुमेहाच्या पथ्याला तर शेवटची तारीखच नसते. कायमच्या वजनाचा निश्चय करणाऱ्यास माळेचे अनंतत्व आणि पथ्याची सहनशीलता, दोन्ही हवी आहेत.

काळाच्या रूपांतही हा भेद दिसतो. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे जाणारा सातारकर ‘मी किल्ला चढतो’ असे म्हणतो, आमराईत फेऱ्या घालणारा सांगलीकर ‘मी फिरायला जातो’. ही रीतिवाचक रूपे झाली. ‘डाएट करतो आहे’ ह्या अपूर्ण रूपात मात्र शेवट गृहीत धरलेला असतो. नकाराचेही तसेच. ‘मला गोड चालत नाही’ ह्या वाक्यात बोलणारा चतुर्थीत, म्हणजे बंधनाच्या स्वाधीन असतो. ‘मी गोड खात नाही’ ह्यात तो कर्ता होतो. पॅट्रिक व हाग्टवेट ह्यांना २०१२ साली इंग्रजी भाषकांत ह्याच स्वरूपाच्या भेदाचा परिणाम आढळला : ‘मी खात नाही’ असे म्हणणारे ‘मला खाता येत नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा मोहाला अधिक वेळा नकार देऊ शकले. मराठीत ह्याची पारख व्हावयास हवी. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय जड जाऊ नये. अर्थात वाक्य बदलल्याने भूक बदलत नाही, हेही नोंदविले पाहिजे.

पारख करताना श्रोत्यालाही विसरून चालणार नाही. आपल्याकडे अंग धरणे, अंगाने भरणे हे कौतुकाचे शब्द. आणि चार किलो उतरवून माहेरी आलेल्या मुलीस ‘किती वाळलीस ग!’ हे ऐकावे लागते. साताऱ्याचे कंदी पेढे पुढे आले असता ‘मी गोड खात नाही’ हे वाक्य कर्तरी असले तरी यजमानाच्या कानी ते उद्धट ठरते. ‘आज उपास आहे, आणि हा पेढा बाहेरचा’ एवढे म्हटले की आग्रह थांबतो. तो उद्यापर्यंतच.