पापणी संध्याकाळी उतरते तेव्हा

साठीनंतर पापणी जरा उतरली की घरचे म्हणतात, वय झालं. पुष्कळदा ते खरंही असतं. पापणी उचलणाऱ्या स्नायूची तिच्यावरची पकड सैलावते. माझी उजवी तशीच आहे. नजरेच्या आड येऊ लागली, तर छोटी शस्त्रक्रिया करता येते.

पण आमच्या शाखेतल्या कॅशियरचं वय होतं चाळीस! सकाळी डोळे टक्क, संध्याकाळी रोकड जुळवताना डावी पापणी निम्म्या बुबुळावर. ‘घेतात वाटतं’ अशी कुजबुज चाले. बिचारे सुपारीलाही न शिवणारे. निघाला मायस्थेनिया ग्रॅव्हिस. यात मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. वापराने स्नायू थकतो, विश्रांतीने सावरतो. १९३४ साली ग्रिनिचच्या इस्पितळात डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिन टोचून अशी पापणी वर आणली. त्याच कुळातल्या गोळ्यांवर आमचे कॅशियर निवृत्तीपर्यंत काउंटरवर बसले.

तान्ह्या बाळाची पापणी बाहुली झाकत असेल, तर ‘मोठेपणी बघू’ म्हणू नये. झाकलेला डोळा पाहायला शिकतच नाही. आणि पापणी अचानक पडली, डोकं भयंकर दुखू लागलं, एकाचे दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. अशा वेळी चष्म्याचं दुकान नव्हे, तडक मोठं इस्पितळ गाठावं. मध्यरात्र असली तरी.